बेअरिंग जाम होऊ नये म्हणून

४ जानेवारी, रविवार
उजवा घोटा गेला. डॉक्टरांच्या मते लिगामेंट अर्धवट फाटलं आहे. माझ्या मते हा सायकल-अपघात आहे. सायकल भिंतीवरच्या हुकाला अडकवत होते, स्टूल सरकलं, मी खाली आले. सायकल वरच राहिली. बाबांनी धावत येऊन आधी सायकल नीट अडकली आहे ना ते पाहिलं, मग मला उठवलं. क्रम योग्य होता.

हॉस्पिटलच्या कागदावर ‘स्टुलावरून पडून’ असं लिहिलंय. दुरुस्ती मागितली. पडताना माझे दोन्ही हात सायकलवर होते, एवढा पुरावा पुरेसा आहे. नर्स म्हणाली, पुढच्या पेशंटला येऊ द्या.

खिंडीची शर्यत बावीस मार्चला. वेळ भरपूर आहे.

५ जानेवारी
कॅप्टनचा फोन. कॅप्टन म्हणजे आमच्या कंपनीच्या स्टोअर्सची हेड. सायकलची टीमही तीच चालवते, आणि दोन्ही ठिकाणी सारख्याच आवाजात. टीम चौघांची. चौथा माणूस खिंडीच्या माथ्यावर पोहोचेल ती टीमची वेळ, म्हणजे सगळ्यात हळू माणूस सगळ्यात महत्त्वाचा. यंदा चौथी जागा माझी.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला टीममध्ये घेतलंय. शाळेत खेळाच्या तासाला मी गुण लिहायला बसायचे. आवडीने बसायचे. आई त्याच शाळेत भूगोल शिकवायची आणि दिसेल तिथे मला मैदानाकडे ढकलायची. हे इथे लिहायचं कारण नव्हतं.

कॅप्टनने जागा ठेवली आहे. अट एकच: ॲपमधला माझा फिटनेसचा आलेख घसरता कामा नये. घसरला तर जागा अकाउंट्सवाल्याला. अकाउंट्सवाला सायकलला पुढे टोपली लावतो. टोपलीत जेवणाचा डबा असतो.

यंदा कर्मचाऱ्यांबरोबर कुटुंबीयांनाही भाग घेता येणार आहे, असंही ती म्हणाली. मी विरोध नोंदवला. अशाने पातळी खाली येते.

७ जानेवारी
योजना तयार. पहिला टप्पा: फिजिओने दिलेल्या रबरी पट्ट्याने घोट्याचे व्यायाम, सकाळ-संध्याकाळ. दुसरा टप्पा: परवानगी मिळताच ट्रेनर. तिसरा टप्पा: खिंड.

बाबांकडून सायकल ट्रेनरवर चढवून घेतली. मागचं चाक काढून सायकल या यंत्रावर घट्ट बसवायची. पेडल मारलं की समोरच्या टॅब्लेटवर डोंगर सरकतो, आणि तिथे चढ आला की इथे पेडल जड होतं. बूट अडकवायची पेडल काढून साधी लावली. टॅब्लेट माझ्या नावाने लॉग-इन करून ठेवला. आता फक्त घोटा बरा व्हायचा बाकी आहे.

आईला सूचना दिली: मशीन नुसतं उभं राहिलं तर बेअरिंग जाम होईल, रोज थोडं फिरवत जा. रिटायर झाल्यापासून ती दिवसभर घरी असते आणि बाबांच्या चुका काढते. तिला काही काम मिळालं तर बाबांनाही बरं. किती फिरवू, असं तिने विचारलं. अंगात असेल तेवढं, असं सांगितलं.

१२ जानेवारी
रबरी पट्टा सापडत नाही. आईला विचारलं, तिने फार घाईने नाही म्हटलं. वय झालं की साध्या प्रश्नांनीही माणूस गोंधळतो.

पट्ट्याअभावी मानसिक सराव सुरू केला. पलंगावर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि खिंडीचं एकेक वळण मनात चढायचं. मोठे खेळाडू हे करतात. आज दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचले. तिथे झोप लागली. शरीर थकल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणजे सराव लागू पडतोय.

१९ जानेवारी
विलक्षण गोष्ट. आलेख पहिला आठवडा घसरला, मग थांबला, आणि आता चढतोय. मी पलंगावर आहे आणि आलेख चढतोय.

ॲपमध्ये खाली रोजचा तपशीलही असतो. तो मी उघडत नाही. तपशिलात शिरणं हे नवशिक्यांचं काम. मी कल बघते.

आजपासून पुन्हा ऑफिस. काठी घेऊन गेले. आमच्या लॅबमध्ये कारखान्याची सगळी मोजमापाची साधनं बरोबर मोजताहेत की नाही, ते तपासतात. ज्युनिअरने एका प्रेशर गेजची मूळ वाचनं न बघता फक्त सरासरीवर सही केली होती. तिला चांगलंच सुनावलं. मूळ वाचनं न पाहणारा माणूस स्वतःलाच फसवतो, असं म्हणाले. तिने मान खाली घातली.

२५ जानेवारी
ट्रेनरवरच्या सायकलची सीट खाली घसरली आहे. चांगली चार बोटं. पकड सैल झाली असणार. टॉर्क रेंचने पाच न्यूटन-मीटरला आवळली. सीटच्या दांड्यावर माझ्या उंचीची पांढरी खूण केली, म्हणजे पुन्हा घसरल्यास कळेल.

२९ जानेवारी
पुन्हा घसरली. बरोबर तेवढीच. दांड्यावर खालच्या बाजूला एक लाल ठिपकाही दिसला. नखाच्या रंगासारखा, नीटस. बहुधा कारखान्याची खूण. आधी लक्षात आली नव्हती.

ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. कंपनामुळे पकड सैल होत असावी, असं निदानही कळवलं. सोबत तीन फोटो.

३ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर. भाषा नम्र. हे यंत्र घरात आणखी कुणी वापरतं का, अशी विचारणा.

ग्राहकाच्या माथी मारायची नेहमीची पद्धत. उलट कळवलं की घरात तीनच माणसं आहेत. पैकी वडिलांचे गुडघे गेलेले आहेत आणि आई ही आई आहे.

८ फेब्रुवारी
जेवताना खिंडीचा विषय निघाला. मीच काढला. आई म्हणाली, तिसऱ्या वळणानंतर रस्ता सपाट झाल्यासारखा वाटतो, पण तो सपाट नाही. तिथे लोक जोर लावतात आणि पुढच्या चढाला गार पडतात. तिथे हलकाच गिअर ठेवावा. मग तिने तिसऱ्यांदा भात वाढून घेतला.

तीस वर्षं नकाशे शिकवले की डोंगर पाठ होतात, हे समजू शकते. पण गिअर? कुठेतरी वाचलं असेल. मी शांतपणे सांगितलं की प्रत्यक्ष चढ वेगळा असतो. बाबांना ठसका लागला, ते उठून आत गेले.

आईच्या पोटऱ्या दुखतात म्हणे. बाबा रोज तेल लावून देतात. वय. एकदा डॉक्टरांना दाखवून घे, असं मी म्हटलं.

११ फेब्रुवारी
फिजिओ. व्यायाम केले का, असं तिने विचारलं. बऱ्याच अंशी, असं मी उत्तर दिलं. तिने घोटा दाबला आणि म्हणाली, घोटा वेगळं सांगतोय. बाई हुशार आहे पण बोलण्यात अचूकता नाही. तरी ट्रेनरची परवानगी मिळाली. रोज थोडं थोडं.

दुसरा टप्पा उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
लॅबमध्ये ऑडिट. दुसरा टप्पा सोमवारपासून.

१६ फेब्रुवारी
सर्दी. सर्दीत व्यायाम केल्यास हृदयावर ताण येतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
ट्रेनरवर बसले. टॅब्लेटने विचारलं, इथूनच पुढे जायचं का? समोर बर्फाचा डोंगर. मी हा रस्ता कधी सुरूच केला नव्हता. ॲपमध्ये दोष आहे, तोही कंपनीला कळवला.

थोड्या वेळातच धाप लागली. खिडकी बंद होती. शिवाय यंत्र नेहमीपेक्षा जड चालतंय. दारात उभी राहून आई पाहत होती. मग म्हणाली, खांदे सैल सोड, मानेने पेडल मारत नाहीत. तिला सांगितलं की बघायला माणूस असलं की एकाग्रता होत नाही. गेली. जाता जाता पंखा लावून गेली. तिने बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही, हात आपोआप गेला.

२४ फेब्रुवारी
आलेख आजवरच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर. दुखापतीच्या आधीपेक्षाही वर.

विचार केला. शर्यतीआधी मुद्दाम विश्रांती घेतात, तिला टेपर म्हणतात. तज्ज्ञ एक-दोन आठवडे सांगतात. पण जिचा आलेख विश्रांतीतच चढतो तिने तज्ज्ञांचं का ऐकावं? आजपासून टेपर.

४ मार्च
कॅप्टन कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली की दुखापतीतून असा आलेख तिने कुणाचा पाहिला नाही. मग मला टीमसमोर बोलायला उभं केलं. ‘विश्रांतीचा साठत जाणारा परिणाम’ या विषयावर बोलले, फळ्यावर आकृती काढून. अकाउंट्सवाल्याने एकच प्रश्न विचारला: म्हणजे नक्की करायचं काय? मी म्हटलं, काहीच नाही. त्याने ते लिहून घेतलं.

परत येताना जिना चढून वर गेले. मधल्या मजल्यावर खिडकीतून बाहेर पाहत उभी राहिले. दृश्य चांगलं होतं.

१५ मार्च, रविवार
प्रत्यक्ष खिंडीत सराव. फक्त घटना लिहिते.

सीट पांढऱ्या खुणेवर, हवा योग्य, वारा नाही. निघाले. पहिल्या वळणावर उतरले. उतरले म्हणजे सायकल थांबली आणि मी तिच्या बाजूला उभी होते. बाकीचे गेले. अकाउंट्सवाला मागून आला, थांबला, टोपलीतून पाण्याची बाटली काढून दिली. प्यायले. पाणी गार होतं. मग तो डबा घेऊन वर गेला.

कॅप्टन खाली आली तेव्हा मी कठड्यावर बसले होते. ती सायकलवरून उतरली. मग म्हणाली, “एक तर तुझं मशीन खोटं बोलतंय, नाहीतर तू.”

मी म्हटलं, मशीन. ती म्हणाली, तू मशिनंच तपासतेस ना? मग बुधवारपर्यंत तपासून सांग. तोवर जागा अडवून ठेवते.

संध्याकाळी सायकल पुन्हा ट्रेनरवर चढवली. आईने विचारलं, तिसऱ्या वळणानंतर हलका गिअर ठेवलास ना? मी चेन पुसायला घेतली.

१७ मार्च, मंगळवार
कंपनीकडून अर्धा दिवस सुटी आणि लॅबचा प्रमाणित लोडसेल, म्हणजे जोर मोजायचं साधन, घेतला. जड पेटी. सकाळी अकराच्या सुमाराला घरी पोहोचले. माझ्या किल्लीने दार उघडलं. माझ्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता, आणि दुसराही एक.

पडदा ओढलेला. बाबा स्टुलावर बसलेले, तेच स्टूल. त्यांच्या हातात टॉवेल आणि बाटली. सायकलवर आई. पायात शाळेच्या क्रीडादिनाचे पांढरे बूट, चष्मा कपाळावर, आणि केस माझ्या हरवलेल्या रबरी पट्ट्याने बांधलेले. टॅब्लेटवर कुठलातरी प्रचंड डोंगर, आणि ती त्याला शाळेतल्या वात्रट मुलाला बोलावं तसं बोलत होती.

बाबांनी मला पाहिलं आणि टॉवेलने तोंड पुसलं. त्यांना घाम आलेला नव्हता.

आईने मान वळवली नाही. म्हणाली, “थांब, शेवटचं वळण आहे.”

थांबले. पेटी खाली ठेवायचंही सुचलं नाही. तिचे खांदे अगदी सैल होते.

माथा आला. ती उतरली, टॉवेल घेतला आणि पहिल्यांदा काय विचारावं? तर बेअरिंग ठीक आहे ना गं, मी एक दिवस चुकवला नाही.

मी म्हटलं, मला सांगायचं नाही? ती म्हणाली, अगं तूच तर काम दिलंस. आणि तू रोज ती सीट वर करायचीस, मी खाली करायचे. मला वाटलं, तू मुद्दाम चिडवतेयस. तो लाल ठिपका केला, तरी तू वर करतच राहिलीस. मग मीही ठरवलं, हरायचं नाही.

बाबांनी चहा आणला. हळूच म्हणाले, मी सांगणार होतो, पण ही म्हणाली, मुलगी इंजिनिअर आहे, तिला दिसत असेल.

चहा झाल्यावर तपासणी पूर्ण केली. पेटी एवढी वाहून आणली होती. यंत्र अचूक आहे. एका टक्क्याचाही फरक नाही.

संध्याकाळी
ॲपमधला तपशील उघडला. पहिल्यांदाच. आईचे जगातले बहुतेक डोंगर चढून झाले आहेत. आमची खिंड नऊदा. माझं नाव, माझा फोटो, आईचे पाय.

अहवाल काय द्यायचा? यंत्र बिघडलं आहे असं लिहिलं, तर जागा अकाउंट्सवाल्याला, पण मी खोटी ठरत नाही. तपासणीचा शिक्का माझ्याकडेच असतो. कुणाला कळणार नाही. रिकाम्या प्रमाणपत्रावर शिक्का मारूनही पाहिला, कसा दिसतो ते. मग ज्युनिअरची खाली गेलेली मान आठवली. नेमकी आत्ताच आठवायची गरज नव्हती.

शिक्का मारलेला कागद फाडला आणि कॅप्टनला कळवलं: यंत्र बरोबर. वाचन बरोबर. पेडलवरचं माणूस वेगळं. सविस्तर उद्या.

१८ मार्च
सविस्तर ऐकताना कॅप्टनला हसू आवरेना. गेजच्या मांडणीला धरून उभी राहिली. तीन गेज पुन्हा तपासावे लागतील. मग डोळे पुसत म्हणाली, कुटुंबीय चालतात, आठवतंय ना?

मी म्हटलं, आई प्रत्यक्ष रस्त्यावर चालवत नाही. कॅप्टन म्हणाली, तूही नाही चालवत.

दिवसभर विचार केला. शेवटी कारण सापडलं: जागा टोपलीकडे जाण्यापेक्षा घरात राहिलेली बरी. कारण पुरेसं आहे. दुसरं शोधायची गरज नाही.

आईला विचारलं. तिचा चेहरा पडला. इतके दिवस डोंगरांवर ओरडणारी बाई एकदम हळू आवाजात बोलायला लागली. रस्त्यावर लोक असतात गं, म्हणाली. सगळे तरणे. मी मध्येच उतरले तर? मी चौथी, म्हणजे सगळ्यांची वेळ माझ्यावर. मी गुण लिहीन हवं तर.

तीस वर्षं मला मैदानाकडे ढकलणारी बाई. तीस नाही, दहा. अचूक असावं.

तिला म्हणाले, “अंगात असेल तेवढं चालव.”

रात्रीच्या जेवणाला तिने तिसऱ्यांदा भात घेतला.

२२ मार्च, रविवार
टीमची जर्सी माझ्या मापाची होती. आईने बाह्या दुमडल्या. सीट मी स्वतः लावली. लाल ठिपक्यावर, पाच न्यूटन-मीटर. कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी गाडीने मला माथ्यावर सोडलं. टीमच्या वेळा नोंदवायला कुणीतरी हवं होतं. हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. काम ओळखीचं आहे.

आमचे तिघे आले. मग बराच वेळ कुणी नाही. कॅप्टन येरझाऱ्या घालत होती. मी घड्याळ पाहत नव्हते, वळण पाहत होते. वेळ नोंदवणाऱ्याने हे कधी करू नये. वळणावरून आधी टोपली दिसली. अकाउंट्सवाला यंदा बायकोबरोबर दुसऱ्या टीममध्ये होता. मग त्याच्या मागून, त्याच्या बाजूने, आणि मग त्याच्या पुढून पांढरे बूट आले. खांदे सैल. त्याला ओलांडताना ती काहीतरी बोलली. तो नंतर म्हणाला, डबा संपव, हलकं वाटेल, असं म्हणाल्या.

आईने रेषा ओलांडली तेव्हा मी शिट्टी वाजवायला विसरले. वेळ बाबांच्या मनगटी घड्याळावरून लिहिली.

टीम सातवी. मागच्या वर्षी शेवटून दुसरी. आई सायकलवरून उतरली, दोन घोट पाणी प्यायली आणि कॅप्टनला समोरच्या डोंगराचे थर कसे मुडपले गेले ते सांगायला लागली. कॅप्टन ऐकत होती. मी सायकल धरून उभी होते.

परत येताना आई गाडीत मागे झोपली. पट्टा केसांतच होता.

२३ मार्च
आईला पलंगावरून उठवत नाही. बाबा तेल लावताहेत. कॅप्टनचा फोन आला. माझ्यासाठी असेल असं वाटलं. पुढच्या वर्षीची चौथी जागा तिने आत्ताच ठरवून टाकली आहे. आईला कळवायला सांगितलं.

कळवलं. आई डोळे न उघडता म्हणाली, बरं. आणि ऐक, मला चार दिवस जमायचं नाही, तर मशीन नुसतं उभं ठेवू नकोस. बेअरिंग जाम होईल. रोज थोडं फिरवत जा.

माझं प्रशिक्षण उद्यापासून, नव्याने. योजना तयार आहे, या वेळी रंगीत. सीट पांढऱ्या खुणेपर्यंत वर केली. मग आई चार दिवसांत उठणारच आहे, असा विचार करून पुन्हा लाल ठिपक्यावर आणली. आता त्या उंचीवर मला बसता येत नाही. गुडघे हँडलला लागतात.

तरी आज मशीन फिरवलं. हाताने.